कर्करोगाच्या उपचारात जेवण जात नसेल तर
(आमच्या औषधी दुकानाच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

किमोथेरपी किंवा रेडिएशन घेऊन नागपूर-सेवाग्रामहून परतलेल्या रुग्णांचे नातेवाईक आमच्याकडे येतात, तेव्हा घास तोंडात फिरतो पण गिळवत नाही, ही तक्रार हमखास असते. किमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करतात आणि तोंडाचे व आतड्याचे अस्तर अशाच पेशींचे असल्यामुळे त्यालाही इजा होते. म्हणून तोंड येते, चव जाते, मळमळते, हगवण लागते. घरच्यांनी यास रुग्णाचा हट्ट समजू नये.

मळमळीची गोळी उलटी होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळीच द्यावी. ताटभर जेवण वाढण्याऐवजी दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे, आणि फोडणीचा वास सहन होत नसल्यास अन्न गरम न देता निवल्यावर द्यावे.

आपल्या भागात खर्‍यामुळे (तंबाखू-सुपारीच्या घोटलेल्या मिश्रणामुळे) तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ आहेत, आणि तोंडा-गळ्याच्या रेडिएशनमध्ये साधारण दुसर्‍या-तिसर्‍या आठवड्यापासून गिळणे फार कठीण होते. अशा वेळी ठेचा, कडक भाकर आणि पाहुण्यांनी प्रेमाने आणलेली संत्रीसुद्धा बाजूला ठेवावी, कारण आंबट रसाने तोंडाची आग होते. ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, तूप घातलेली मुगाची पातळ खिचडी, तुरीचे घोटलेले वरण, पूर्ण उकडून कुस्करलेले अंडे हे पदार्थ सोसतात. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ व पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा गुळण्या कराव्यात. ते पाणी गिळू नये. खर्रा मात्र उपचार चालू असताना आणि नंतरही पूर्ण बंदच हवा.

नाकातून नळी घालण्याचा सल्ला मिळाला, की घरात रडारड होते. वास्तविक ती नळी वजन टिकवून उपचार पूर्ण करता यावा म्हणून असते आणि बहुतेकांची पुढे काढली जाते. नळीतून गोळी कुटून देण्यापूर्वी आम्हाला अवश्य विचारावे, कारण काही गोळ्या कुटून चालत नाहीत.

हगवण लागल्यास ओआरएसची 1 लिटरची पुडी पूर्ण 1 लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावी, ग्लासात नव्हे, आणि ते पाणी 24 तासांत संपवावे. जुलाब थांबवणारी गोळी मनाने घेऊ नये. ती आमच्याकडे मागितली तरी आम्ही आधी रुग्णालयात फोन करायला सांगू. उलट, मळमळीच्या काही गोळ्यांनी आणि मॉर्फिन या वेदनाशामक औषधाने शौचास घट्ट होते, ते पहिल्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

शेजारीपाजारी सुचवतात म्हणून दूध, डाळ, भात असे एकेक पदार्थ तोडत जाणे आम्हाला सर्वांत घातक वाटते.

ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक असल्यास, पाणीही पोटात ठरत नसल्यास किंवा शौचात रक्त दिसल्यास सकाळच्या एसटीची वाट पाहू नये. रात्रीच 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उपचाराची फाईल सोबत न्यावी.