चरबीची गाठ कधी काढायची?

आठ-नऊ वर्षांच्या, अंगाने सुटलेल्या लॅब्रॅडॉरला आंघोळ घालताना बरगड्यांवर किंवा बगलेत मऊ, गोलसर, बोटाखाली सरकणारी गाठ हाताला लागते आणि घरातले सगळे धास्तावतात. अशा गाठींपैकी पुष्कळ गाठी ‘लायपोमा’, म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या पेशींची साधी, कर्करोग नसलेली वाढ असतात. लॅब्रॅडॉरप्रमाणेच डॉबरमन आणि मिनिएचर श्नॉझर या जातींतही त्या अधिक आढळतात. गाठ सहसा दुखत नाही आणि अनेकदा वर्षानुवर्षे फारशी वाढतही नाही, त्यामुळे दिसली की कापून टाकायची घाई करण्याचे कारण नसते.

मात्र ‘मऊ आहे, म्हणजे चरबीच असणार’ हा तर्क धोक्याचा आहे. मास्ट पेशींचा, म्हणजे अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेणाऱ्या पेशींचा, कर्करोग कातडीखाली वाढतो तेव्हा तो हाताला कधीकधी हुबेहूब लायपोमासारखा लागतो. म्हणून पशुवैद्य इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून, थोडी दिशा बदलत, आतला अंश ओढून काचपट्टीवर पसरतात. या तपासणीला बहुधा भूल लागत नाही. लायपोमा असल्यास काचेवर न वाळणारे तेलकट थेंब दिसतात. गंमत अशी, की पेशी रंगवण्यापूर्वी पट्टी ज्या अल्कोहोलमध्ये बुडवतात त्यात चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पट्टी जवळजवळ रिकामी दिसू शकते. त्यामुळे पट्टी रंगवण्याआधी कशी दिसत होती, ही नोंदही महत्त्वाची ठरते.

गाठ चरबीचीच आहे असे दिसल्यावर शस्त्रक्रियेचा निर्णय आकारापेक्षा जागेवर आणि वाढीच्या वेगावर अधिक अवलंबून असतो. पाठीवरची मोठी गाठ कुत्रा सहज बाळगतो, पण बगलेतली त्याहून लहान गाठ पाय पुढे टाकताना अडते आणि चाल बिघडवते. वेगाने वाढणारी, एकाएकी घट्ट झालेली किंवा घासून जखम होणारी गाठही काढणे योग्य. वजन कमी केल्याने गाठ नाहीशी होईलच असे नाही, पण भोवतालची चरबी घटल्याने तिच्या कडा स्पष्ट होतात आणि भूल देण्यातली जोखीमही कमी होते.

साध्या लायपोमाभोवती सहसा पातळ आवरण असते. त्यामुळे कातडीला छेद दिल्यावर शल्यचिकित्सक बोटाने किंवा बोथट कात्रीने भोवतालचे सैल धागे सोडवत, वाटेतल्या रक्तवाहिन्या बांधत जातो आणि अनेकदा पिवळसर, गुळगुळीत गोळा फारसे न कापता अखंड बाहेर येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. नारळाएवढी गाठ निघाली की कातडीखाली तेवढीच पोकळी उरते आणि तिच्यात पाणी साचू लागते. ते टाळण्यासाठी आतले थर विरघळणाऱ्या टाक्यांनी एकमेकांशी जोडतात, आणि पोकळी मोठी असेल तर काही दिवस निचऱ्याची नळी ठेवतात. बाहेरचे टाके साधारण 10 ते 14 दिवसांनी काढतात. तोवर कुत्र्याला उड्या मारू द्यायच्या नाहीत आणि त्याने टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात शंकूसारखी कॉलर घालायची. कुत्र्यापेक्षा घरच्यांचीच कसोटी लागते ती इथे.

सगळ्याच गाठी इतक्या सरळ नसतात. मांडीच्या मागच्या स्नायूंच्या फटीत वाढणारा लायपोमा खोल असला तरी बहुधा पूर्ण निघतो. याउलट, स्नायूंच्या धाग्यांमध्येच शिरत जाणारा लायपोमा शरीरात इतरत्र पसरत नसला, तरी त्याची हद्द डोळ्यांना दिसत नाही आणि थोडा अंश मागे राहिला तरी तो पुन्हा वाढतो. सुईच्या तपासणीत तो साध्या लायपोमापेक्षा वेगळा ओळखू येत नाही. अशी शंका असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन करून त्याचा विस्तार पाहावा लागतो. लायपोसार्कोमा हा चरबीचा कर्करोग मात्र भोवतालच्या निरोगी भागासह काढावा लागतो. म्हणूनच काढलेली गाठ नुसती टाकून न देता फॉर्मॅलिनमध्ये ठेवून प्रयोगशाळेत पाठवणे इष्ट, आणि पुढे त्याच कुत्र्याच्या अंगावर दुसरीकडे नवी गाठ आली, तर जुना अहवाल तिला लागू न करता तिच्यातही नव्याने सुई घालून पाहावी.