आठ मुलांचा शंभर टक्के निकाल

एसएसएलसीचा, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या परीक्षेचा, निकाल लागला की बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागातील वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर ‘शंभर टक्के निकालाची परंपरा कायम’ अशा मथळ्यांची रांग लागते. बातमीच्या शेवटी मुख्याध्यापकांचे मार्गदर्शन लाभल्याचा उल्लेख असतो आणि पुढील पंधरवड्यात शाल, श्रीफळ व सत्कार ओघाने येतात. ज्या शाळेचा निकाल घसरला, तिच्या मुख्याध्यापकाच्या हाती मात्र कारणे दाखवा नोटीस पडते. सत्कार आणि नोटीस या दोहोंच्या मुळाशी एकच समजूत आहे: एका वर्षाचा उत्तीर्णतेचा टक्का हे शाळेच्या नेतृत्वाचे माप आहे. मुख्याध्यापकाच्या कामाला मी फार मोठे मानतो आणि म्हणूनच हे माप किती कच्चे आहे, ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

आपल्या सीमाभागातील अनेक मराठी शाळा लहान आहेत. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्ट्यात विरळ वस्तीमुळे त्या मुळातच लहान होत्या, तर इतर गावांत इंग्रजी माध्यमाकडे वळलेल्या पालकांमुळे त्या लहान होत चालल्या आहेत. आता अशी कल्पना करू की दहावीला प्रत्येकी आठ विद्यार्थी असलेल्या ६० शाळा आहेत. त्या सगळ्या शाळा सर्व बाबतींत अगदी सारख्या आहेत, मुख्याध्यापक सारख्याच कुवतीचे आहेत आणि कोणत्याही विद्यार्थ्याची उत्तीर्ण होण्याची संभाव्यता ८० टक्के, म्हणजे ०.८ आहे. एखाद्या शाळेतील आठही मुले उत्तीर्ण होण्याची संभाव्यता काढण्यासाठी ०.८ ला ०.८ ने असे गुणत जायचे की एकूण आठ वेळा ०.८ यावे. उत्तर सुमारे ०.१७ येते. म्हणजे ६० शाळांपैकी जवळजवळ दहा शाळांचा निकाल शंभर टक्के लागेल. याच गणिताने सुमारे बारा शाळांत आठपैकी पाच किंवा त्याहून कमी मुले उत्तीर्ण होतील, म्हणजे त्यांचा निकाल ६२.५ टक्के किंवा त्याखाली असेल. दहा सत्कार झाले, बारा नोटिसा निघाल्या, आणि मुख्याध्यापकांत मात्र आपण गृहीत धरल्याप्रमाणे तिळमात्र फरक नव्हता.

हा केवळ कागदावरचा खेळ नाही. हॉवर्ड वेनर या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्याने पेनसिल्व्हेनिया राज्यातील १,६६२ शाळांचे गुण तपासले. आकाराचा आणि गुणांचा काही संबंध नसता, तर सर्वांत लहान ५० शाळांपैकी एखाद-दुसरीच अव्वल ५० शाळांत आली असती. प्रत्यक्षात सहा आल्या. ‘लहान शाळा उत्तम’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह येथे कोणालाही होईल. परंतु तळाच्या ५० शाळांकडे पाहिले, तेव्हा तेथेही लहानांत लहान ५० पैकी नऊ सापडल्या. लहान शाळा दोन्ही टोकांना गर्दी करतात, कारण त्यांचा टक्का मुळातच अधिक हेलकावतो.

हा हेलकावा किती मोठा असतो, याचे सूत्र सोपे असून संख्याशास्त्रातील मला सर्वांत प्रिय असलेल्या सूत्रांपैकी ते एक आहे. उत्तीर्ण होण्याची संभाव्यता आणि अनुत्तीर्ण होण्याची संभाव्यता यांचा गुणाकार करावा, त्याला विद्यार्थिसंख्येने भागावे आणि वर्गमूळ काढावे. आपल्या उदाहरणात ०.८ गुणिले ०.२ म्हणजे ०.१६. सोळा विद्यार्थ्यांच्या शाळेत ०.१६ भागिले १६ म्हणजे ०.०१, आणि त्याचे वर्गमूळ ०.१, म्हणजे दहा टक्के. शंभर विद्यार्थ्यांच्या शाळेत हाच हेलकावा चार टक्क्यांचा होतो, तर चारशेंच्या शाळेत दोन टक्क्यांचा. वर्गमूळामुळे विद्यार्थी चौपट झाले, तरी अनिश्चितता निम्मीच होते. सोळा मुलांच्या शाळेचा निकाल ८० वरून ७० वर आला किंवा ९० वर गेला, तर त्यासाठी कोणतेही कारण शोधण्याची गरज नसते.

येथवर आपण एक गोष्ट गृहीत धरली, ती म्हणजे प्रत्येक मुलाचे यश इतरांच्या यशापासून स्वतंत्र आहे. प्रत्यक्षात तसे नसते. गणिताच्या शिक्षकाची जागा जूनपासून डिसेंबरपर्यंत रिकामी राहिली आणि त्यानंतर अतिथी शिक्षक मिळाला, तर त्याचा फटका संपूर्ण वर्गाला एकाच वेळी बसतो. एकाच वर्गातील मुलांच्या निकालांत त्या वर्षापुरता जो परस्परसंबंध निर्माण होतो, तो एका अंकाने दाखवता येतो. तो अंक अवघा ०.०५ आहे असे धरू. शंभर मुलांच्या शाळेसाठी सूत्र सांगते की एक अधिक नव्याण्णव गुणिले ०.०५, म्हणजे ५.९५, इतक्या पटीने विचरण वाढते. विचरण म्हणजे आताच काढलेल्या हेलकाव्याचा वर्ग. मग शंभरला ५.९५ ने भागले की सुमारे १७ उरतात. म्हणजे शंभर मुलांची ती शाळा सतरा स्वतंत्र मुलांच्या शाळेइतकीच डळमळीत ठरते आणि तिचा हेलकावा चार टक्क्यांवरून जवळजवळ दहा टक्क्यांवर पोहोचतो. परस्परसंबंध इतका क्षीण असूनही तो मोठ्या शाळेच्या आकाराचा लाभ गिळून टाकतो, हे मला आजही विलक्षण वाटते. शहरातील मोठ्या शाळांच्या चढउतारांनाही घाईने कारणे चिकटवू नयेत, हे त्यावरून दिसते.

शिवाय परीक्षाच बदलली तर काय होते, याचे उदाहरण कर्नाटकाने पाहिले आहे. २०२३ मध्ये राज्याचा एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांवर कॅमेरे बसवून वेबकास्टिंग, म्हणजे थेट चित्रणाद्वारे देखरेख, सुरू झाले आणि वाढीव कृपांक देऊनही निकाल ७३.४० टक्क्यांवर आला. एका वर्षात राज्यभरातील मुख्याध्यापकांची कुवत दहा टक्क्यांनी घटली, असे कोणीही म्हणणार नाही.

या हेलकाव्यातून आणखी एक फसवा परिणाम जन्माला येतो. फ्रान्सिस गाल्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये दाखवले की फार उंच आईवडिलांची मुले सरासरीने उंच असली, तरी आईवडिलांपेक्षा सर्वसामान्य उंचीच्या जवळ असतात आणि फार ठेंगण्यांच्या मुलांतही उलट दिशेने तेच घडते. ज्या मापात योगायोगाचा वाटा असतो, त्या प्रत्येक मापात हे सरासरीकडे परतणे दिसते. आपल्या ६० काल्पनिक शाळांत यंदा शंभर टक्के मिळवलेल्या दहांपैकी पुढील वर्षी दोन शाळांनाच, तेही जेमतेम, ते यश पुन्हा लाभेल. बाकीच्यांविषयी ‘सत्कारानंतर सैल पडले’ असे बोलले जाईल. नोटीस मिळालेल्या बारांपैकी बहुतेक शाळा पुढील वर्षी वर येतील आणि अधिकाऱ्याला प्रामाणिकपणे वाटेल की नोटिसीचा परिणाम झाला. नोटीस न देता टपाल खात्यात पडून राहिली असती, तरी त्या शाळा वर आल्याच असत्या.

अंधश्रद्धेला आणि तिच्या आधुनिक वेषातील व्यापाराला खतपाणी मिळते ते येथेच. निकाल सर्वांत वाईट लागतो त्या वर्षी कोणी मुख्याध्यापकांच्या खोलीचे दार वास्तुशास्त्राप्रमाणे फिरवते, तर कोणी डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचा दावा करणाऱ्या ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’च्या वर्गाला पैसे मोजते. पुढील वर्षी निकाल आपोआप सरासरीकडे परततो आणि श्रेय दाराला किंवा पट्टीला मिळते. मुलांच्या शिक्षणाच्या चिंतेवर असा धंदा करणे मला निंद्य वाटते, आणि शिक्षकांनी तरी त्याला शाळेच्या आवारात थारा देऊ नये.

मग मुख्याध्यापकाच्या नेतृत्वाचा परिणाम हाही भासच म्हणायचा का? तसे नाही. फक्त तो पाहण्यासाठी अधिक सूक्ष्म पद्धत लागते. मुख्याध्यापक एका शाळेतून दुसरीत जातात, आणि हाच संशोधकांसाठी निसर्गतः घडलेला प्रयोग ठरतो. शाळा तीच, वस्ती तीच, मुख्याध्यापक बदलला, असे शेकडो प्रसंग एकत्र केले आणि मुलांचे आधीचे गुण हिशेबात घेतले, तर योगायोगाचा वाटा बऱ्याच अंशी बाजूला काढता येतो. ग्रेगरी ब्रँच, एरिक हनुशेक आणि स्टीव्हन रिवकिन यांनी टेक्सास राज्यातील नोंदींवरून २०१३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की अत्यंत प्रभावी मुख्याध्यापकाच्या शाळेत सामान्य विद्यार्थ्याची प्रगती एका वर्षात दोन ते सात महिन्यांच्या शिक्षणाइतकी अधिक होते. मुख्याध्यापकांच्या कुवतीतील तफावत गरीब वस्तीच्या शाळांत सर्वांत मोठी आढळली. प्रतिकूल परिस्थितीत चांगल्या नेतृत्वाला अधिक वाव असतो आणि वाईट नेतृत्वाने होणारी हानीही मोठी असते.

हा परिणाम मुलांपर्यंत पोहोचतो तो मुख्यतः शिक्षकांमार्फत. न्यूझीलंडच्या विव्हियन रॉबिन्सन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध अभ्यासांचे एकत्र विश्लेषण केले, तेव्हा लोकांना भारावून टाकणाऱ्या, प्रेरक भाषणे देणाऱ्या नेतृत्वाचा मुलांच्या शिकण्यावरील परिणाम क्षीण दिसला. अध्यापनाकडे लक्ष देणाऱ्या नेतृत्वाचा परिणाम त्याच्या तिप्पट ते चौपट होता, आणि त्यातही सर्वांत ठळक ठरली ती एक कृती: शिक्षकांच्या शिकण्यात मुख्याध्यापकाने स्वतः सहभागी होणे. शिक्षकाच्या तासाला मागच्या बाकावर बसणे, अपूर्णांकांची बेरीज मुलांना नेमकी कोठे अडते ते त्याच्यासोबत पाहणे आणि दुसऱ्या आठवड्यात तोच पाठ पुन्हा पाहणे, असे हे काम आहे. ते छायाचित्रात दिसत नाही.

कागदी सुधारणेने काय होते, याचा भारतातील पुरावाही उपलब्ध आहे. मध्य प्रदेशात शाळांचे सविस्तर मूल्यमापन करून प्रत्येक शाळेसाठी सुधारणा आराखडा बनवण्याची मोठी योजना राबवली गेली. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी चिठ्ठ्या टाकून निवडल्याप्रमाणे यादृच्छिक निवड झालेल्या शाळांची इतरांशी तुलना केली. आराखडे तयार झाले, परंतु वर्गातील अध्यापन बदलले नाही आणि मुलांच्या शिकण्यावर परिणाम दिसला नाही.

ही निरीक्षणे आपल्या भागात आणून ठेवली की अडचण स्पष्ट होते. खानापूरच्या दुर्गम भागातील लहान प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक स्वतः दोन-तीन इयत्ता एकत्र शिकवतो, मध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवतो, विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरतो, कन्नडमधून आलेली परिपत्रके समजून घेऊन मराठीत सहकाऱ्यांना सांगतो आणि निवडणूक आली की त्या कामालाही जातो. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की मुलांची हजेरी घटते. निपाणी परिसरात ज्या घरांत विड्या वळल्या जातात, तेथील मुलांना घरी अभ्यासाला जागा आणि वेळ दोन्ही अपुरे पडतात. मराठी माध्यमाच्या मुलांना कन्नडही चांगले यावे लागते, आणि ती भाषा अनेकांच्या घरात वा गल्लीत कानावर पडत नाही. अशा शाळेत दुसऱ्याच्या तासाला बसायला मुख्याध्यापकाला आठवड्यातून दोन तास मिळणे, हीच नेतृत्वाची पहिली अट ठरते आणि ती पूर्ण करणे बहुतांशी त्याच्या हाती नसून शिक्षण खात्याच्या हाती आहे.

मोजमाप सुधारण्यासाठी मात्र नवा खर्च जवळजवळ लागत नाही. पहिली गोष्ट म्हणजे उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ही विभागणी सोडून मिळालेले गुण पाहावेत. गणितात १५ गुण मिळण्याच्या अवस्थेतील मुलगी उत्तीर्णतेच्या रेषेच्या दोनच गुण खालपर्यंत आली, तर त्या रेषेमुळे तिची सारी प्रगती निकालपत्रकातून पुसली जाते, आणि रेषेच्या एक गुण खालून रेषेवर गेलेला मुलगा मात्र शाळेचा टक्का वाढवतो. या रेषेमुळेच काठावरच्या मुलांवर भर देऊन सर्वांत मागे असलेल्यांना सोडून देण्याचा मोह शाळेला होतो. दुसरी गोष्ट म्हणजे अनेक वर्षांचे एकत्र पाहावे. आठ मुलांच्या शाळेची तीन वर्षे एकत्र केली, तरी उत्तीर्णतेच्या टक्क्यातील हेलकावा आठ टक्के उरतो, आणि पाच वर्षे घेतली तर सहा टक्क्यांच्या थोडा वर. तिसरी गोष्ट म्हणजे आठवीत प्रवेश घेताना मूल काय वाचू शकत होते आणि भागाकार करू शकत होते की नाही, याची साधी नोंद ठेवावी, म्हणजे दहावीचे गुण त्या नोंदीशी जोडता येतील. शाळा विकास व देखरेख समितीच्या, म्हणजे आपल्या एसडीएमसीच्या, बैठकीत पालकांनी टक्क्याऐवजी या तीन गोष्टी मागितल्या आणि मुख्याध्यापकाला त्या दाखवण्याइतकी वर्षे त्याच शाळेत राहू देण्याचा आग्रह गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे धरला, तर ६० शाळांतील खरोखर वेगळे काम करणारी शाळा कोणती, ते ओळखण्यास सुरुवात करता येईल.