दारूबंदीचं बडोदे आणि रक्तातले तीस मिलिग्रॅम

गुजरातेत दारूबंदी आहे, तेव्हा पिऊन गाडी चालवण्याचा प्रश्न तिथे येतोच कुठे, असं मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांना वाटतं. बडोद्याच्या दांडिया बाजार-रावपुऱ्यातला मराठी माणूस यावर नुसता हसतो. प्रश्न येतो, पण वळसा घालून येतो. दमणहून येतो, उदयपूरहून येतो, मध्य प्रदेशाच्या हद्दीवरून येतो. बंदीमुळे पिणं किती कमी झालं यावर वाद घालता येईल. पिण्याची जागा आणि घर यांच्यातलं अंतर मात्र तिने वाढवलं, आणि ते अंतर कापायचं ते गाडीनेच.

इथल्या कायद्याला सुरुवातीपासून पडलेला प्रश्न 'हा प्यायला आहे का?' असा होता. 'हा गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे का?' हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचा इतिहासही वेगळा आहे.

बडोदे संस्थान १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. त्यानंतर दीडच महिन्याने, १६ जूनला, मुंबई दारूबंदी कायदा लागू झाला. १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा हा कायदा सोबत आला आणि तिथेच राहिला. महाराष्ट्रात तो परवान्यांनी सैल होत गेला. गुजरातने त्याला हात लावला तो बहुधा कडक करण्यासाठीच. गांधीनगरच्या गिफ्ट सिटी या वित्तीय केंद्राला २०२३च्या डिसेंबरात मिळालेली सवलत हा अपवाद.

या कायद्याची परीक्षा झाली तीही एका अपघातातूनच. १९५१च्या मे महिन्यात मुंबईत कुलाब्याजवळ एका जीपने रस्त्यावरच्या तिघांना धडक दिली. जीप चालवणारा गृहस्थ कोण, तर खुद्द परिवहन खात्याचा अधिकारी. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा तोंडाला दारूचा वास होता, डोळे लालसर होते. पण बोलणं सुसंगत होतं आणि सरळ रेषेवर चालणंही जमत होतं. आपण दारू नव्हे, मद्यार्क असलेलं टॉनिक घेतलं होतं, असा त्याचा बचाव. मद्यार्कयुक्त औषधांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी एका वेगळ्या प्रकरणात रद्द ठरवली होती. त्यामुळे पोटात गेलं ते औषध नव्हतं हे सिद्ध करणं सरकारचं काम ठरलं. ते सरकारला जमलं नाही आणि १९५४ साली तो अधिकारी सर्वोच्च न्यायालयातून सुटला. दिल्लीपर्यंत खल झाला तो प्यायलेलं टॉनिक की दारू यावर. रक्तात किती होतं आणि तेवढ्याने जीपवरचा ताबा सुटतो का, हा मुद्दा कडेलाच राहिला.

सरकारने धडा घेतला तोही पुराव्यापुरता. १९५९च्या दुरुस्तीने कायद्यात पहिल्यांदा आकडा आला: रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० मिलिग्रॅम किंवा जास्त मद्यार्क सापडला, तर 'हे औषध होतं' असं सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर. हा आकडा आहे सिद्धतेचा भार कोणावर टाकायचा त्याचा. स्टिअरिंगशी त्याचा संबंध नाही.

स्टिअरिंगशी संबंध असलेला आकडा दुसऱ्या वाटेने आला. पिऊन मोटार चालवल्याबद्दलची पहिली शिक्षा म्हणून सांगितली जाते ती लंडनची, सप्टेंबर १८९७ची. विजेवर चालणारी टॅक्सी एका इमारतीवर आदळली आणि चालकाला २५ शिलिंग दंड झाला. तेव्हा मोजणी कसली, चालकाने स्वतःच कबुली दिली. पुढची तीस-पस्तीस वर्षं पोलिसाचं नाक आणि डॉक्टरची नजर एवढंच मोजमाप होतं. १९३२ साली स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी रक्तातला मद्यार्क, माणसाचं वजन आणि उलटलेला वेळ यांचं गणित बांधलं, आणि नॉर्वेने १९३६ साली ५० मिलिग्रॅमची मर्यादा कायद्यात घातली.

अमेरिकेत पोलिसातून प्राध्यापकीकडे वळलेल्या रॉबर्ट बोरकेनस्टाइन यांनी श्वासावरून मोजणारं यंत्र १९५४ साली बनवलं; म्हणजे इकडे टॉनिकचा निकाल लागला त्याच वर्षी. पुढे मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्स शहरात त्यांनी अपघातात सापडलेल्या चालकांची आणि त्याच रस्त्यांवरच्या सुखरूप चालकांची तुलना केली. एकेका गटात हजारो माणसं होती. ४० मिलिग्रॅमच्या पुढे धोका चढू लागतो आणि १५० पर्यंत तो पंचवीसपटीच्या घरात जातो, असं १९६४च्या त्या अहवालातून दिसलं. ब्रिटनने १९६७ साली ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली, तिच्यामागे हेच काम होतं.

या अभ्यासात एक गंमतही निघाली. अगदी थोडी घेतलेल्यांचा धोका बिलकुल न घेतलेल्यांपेक्षा कमी दिसत होता! पिणाऱ्यांना हे आवडलं नसतं तरच नवल. नंतर उलगडा झाला की हा गटांतल्या फरकाचा खेळ होता. न पिणाऱ्यांच्या गटात ज्यांचा धोका मुळातच जास्त असे चालक, फार तरुण आणि फार वृद्ध, अधिक होते. वय आणि पिण्याची सवय हिशोबात धरली की तो फायदा नाहीसा होतो.

भारतात १९३९च्या मोटार कायद्याची मूळ भाषा 'वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतपत' अशी होती. १९८८च्या नव्या कायद्यात दुसरं टोक होतं: रक्तात कितीही अल्प दारू असली तरी गुन्हा. हेही टिकलं नाही. १९९४च्या दुरुस्तीने श्वासचाचणीत मोजायची ३० मिलिग्रॅमची मर्यादा आणली, तीच आजही आहे. २०१९ साली पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजारांपर्यंत गेला. त्यामुळे बडोद्यात एकाच चालकाच्या एकाच नमुन्याला दोन कायदे लागू होऊ शकतात. ४० मिलिग्रॅमवाला मोटार कायद्यात सरळ अडकतो. पण दारूबंदीच्या खटल्यात ५० मिलिग्रॅमची ती तरतूद त्याला लागत नाही आणि पुराव्याचं ओझं सरकारकडेच राहतं.

आता खाण्याचं. 'पोट भरलेलं असलं की चढत नाही' हे अर्धं खरं आहे. जठरात दारू थोडीच शोषली जाते, बरीचशी लहान आतड्यात. पोटात जड अन्न असेल तर जठर सावकाश रिकामं होतं, दारू थोडी थोडी पुढे सरकते आणि रक्तातली सर्वांत वरची पातळी रिकाम्या पोटापेक्षा खाली राहते. पण ती पातळी उशिराही येऊ शकते. टेबलावरून उठताना ठणठणीत वाटणारा माणूस कमाल पातळीला पोचतो तो टोलनाका ओलांडल्यावर.

शिवाय आपल्याकडचा क्रम बघा. आधी पेग, सोबत मूठभर शेंगदाणे, आणि जेवण सगळ्यात शेवटी, निघायच्या बेतात. जे अन्न दारूला अडवणार ते ती रक्तात मिसळल्यावर पोटात जातं. 'दाबून जेवलोय, काही होत नाही' या वाक्याला मग फारसा अर्थ उरत नाही. लिंबूपाणी, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ यांचाही यकृताच्या वेगावर परिणाम होत नाही.

तो वेग तासाला साधारण १५ मिलिग्रॅम. दमणमध्ये रात्री एक वाजता १२० वर असलेला माणूस सकाळी सहाला, म्हणजे बडोद्याकडे निघताना, ४५च्या आसपास असतो. झोप झाली, चहा झाला, डोकंही जागेवर आहे, आणि तरी तो कायद्याच्या मर्यादेच्या दीडपट आहे.

जेवणाचा स्वतःचा धोका संशोधकांनी फार उशिरा मनावर घेतला. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठाच्या हॉर्न आणि रेनर यांनी १९९५ साली डुलकीमुळे होणाऱ्या अपघातांच्या वेळा मांडल्या: रात्री दोन, सकाळी सहा आणि दुपारी चारच्या सुमारास. दुपारची सुस्ती शरीराच्या घड्याळातच असते, उपाशी माणसालाही ती येते. भरपेट जेवण तिला वाढवतं. याच मंडळींनी पुढे, २००३ साली, अपुरी झोप झालेल्या चालकांना दुपारी ब्रिटनच्या कायदेशीर मर्यादेच्या आतली दारू देऊन सिम्युलेटरच्या बनावट रस्त्यावर गाडी चालवायला लावली. गाडी लेन सोडून भरकटण्याचं प्रमाण वाढलं, पण आपण जास्त पेंगुळलो आहोत हे चालकांना तितकंसं जाणवलं नाही.

'आता जेवूनच निघा' म्हणत श्रीखंड-पुरीचा आग्रह करणारं बडोद्याचं घर पाहुण्याला नेमकं त्या चारच्या वेळेला महामार्गावर सोडतं. अहमदाबादचा एक्सप्रेसवे असो की सुरतेकडचा रस्ता, दोन्ही सरळसोट आणि डोळ्यांना काही काम न देणारे.

दारूचा आकडा यंत्राने निघतो. पेंगेसाठी नाक्यावर असं काही नाही. कायद्याकडे आहे ते फक्त घड्याळ. १९६१च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि मध्ये विश्रांती ठरवून दिली होती, तीही पगारी चालकापुरती. स्वतःची गाडी घेऊन भरल्या पोटी पुण्याला निघालेल्याला हे बंधन लागू नाही.