उपकारस्तुती म्हणजे अश्रू गिळणं नव्हे

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. कौलं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. अशा वेळी आपल्या ख्रिस्ती घरांत हमखास ऐकू येतं, “रडायचं नाही, देवाची उपकारस्तुती करायची, म्हणजे त्याचे आभार मानायचे, रडलात तर श्रद्धा कच्ची.” हा समज बायबलला धरून नाही.

आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू स्वतः रडला आणि तिथेच त्याने पित्याचे आभारही मानले (योहान 11). बायबलमधलं तेरावं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं. ‘देवा, कुठवर मला विसरणार?’ असं विचारत ते सुरू होतं, गाण्यावर संपतं; मधलं दुःख कुणी खोडलेलं नाही.

सुखात आभार मानायला आपण चुकत नाही. 8 सप्टेंबरला, मरियामातेच्या जन्मोत्सवात, किनाऱ्यावरच्या अनेक कॅथलिक गावांत भाताच्या नव्या लोंब्यांना आशीर्वाद दिला जातो. खरी कसोटी संकटात.

फिलिप्पै नगराच्या तुरुंगातला प्रेषित पौल बघा. फटके खाऊन, पाय खोड्यात अडकलेले असताना तो सोबती सीलाबरोबर मध्यरात्री स्तुतिगीतं गात होता, हे सगळे सांगतात. पुढचं मात्र वगळतात आणि तेच मला फार मोलाचं वाटतं: सकाळी सुटकेचा हुकूम आला तेव्हा तो गुपचूप निघाला नाही. चौकशीविना आम्हाला चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या, असं त्याने अधिकाऱ्यांना ठणकावलं. आणि ते आले.