पार्श्वभूमी : अणुबॉम्ब आला, तरी तोफा लागतच राहिल्या

१ मे १९९८. महाराष्ट्र दिनाची पहाट. मुंबईतल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून लष्कराचे ट्रक गुपचूप बाहेर पडले. विमानतळावर हवाई दलाचं एएन-३२ विमान तयार होतं. तिथून अणुचाचण्यांचा माल जैसलमेरला आणि पुढे रस्त्याने पोखरणला गेला. वाळवंटात शास्त्रज्ञ लष्करी गणवेशात, खोट्या नावांनी वावरत होते. अब्दुल कलाम तिथे ‘मेजर जनरल पृथ्वीराज’ होते. ११ मे रोजी तीन आणि १३ मे रोजी दोन स्फोट झाले. महिना संपायच्या आत पाकिस्ताननेही चगाईत चाचण्या उरकल्या.

तसा पहिला स्फोट १९७४ सालचाच. पण त्याला सरकार ‘शांततामय’ म्हणत राहिलं आणि पुढची चोवीस वर्षं बॉम्ब असूनही नसल्यासारखाच होता. दोन्ही देशांनी हत्यार उघड केल्यावर प्रश्न बदलला. आता मोठं युद्ध होणारच नसेल, तर रणगाडे आणि तोफांवर एवढा पैसा कशाला?

उत्तर वर्षभरातच कारगिलमध्ये मिळालं. ज्या बोफोर्सच्या दलालीने १९८९ साली सरकार घालवायला हातभार लावला, तीच तोफ द्रासच्या रस्त्यावर उभी राहून टायगर हिल भाजून काढत होती. मात्र हवाई दलाला सक्त हुकूम होता : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. म्हणजे बॉम्बमुळे युद्ध टळलं नाही, पण त्याला कुंपण पडलं. त्यानंतरचा सगळा इतिहास मला या कुंपणाच्या आत जागा शोधण्याचा वाटतो.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाला आणि ‘ऑपरेशन पराक्रम’ सुरू झालं. हल्ला चढवणाऱ्या कोरना, म्हणजे लष्कराच्या मोठ्या तुकड्यांना, मथुरा, अंबाला, भोपाळ अशा लांबच्या छावण्यांतून सीमेवर पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागले. तोवर समोरचं सैन्य मोर्चे बांधून बसलं होतं आणि दिल्लीत युद्ध टाळा म्हणणाऱ्या परदेशी पाहुण्यांची रीघ लागली होती. जवळपास दहा महिने फौज सीमेवर उभी राहिली आणि न लढता परतली.

त्याच सुमारास, ४ जानेवारी २००३ रोजी, सरकारने अण्वस्त्र धोरण जाहीर केलं : आपण आधी वापरणार नाही, पण आपल्यावर वापरलं तर प्रत्युत्तर प्रचंड असेल. २००४ साली लष्कराकडून ‘कोल्ड स्टार्ट’ची कल्पना पुढे आली : काही दिवसांत लहान तुकड्या आत घुसवायच्या आणि बॉम्बची वेळ येण्याआधी थांबायचं. पाकिस्तानने त्यावर २०११ साली छोटा अणुबॉम्ब वाहणारं ‘नस्र’ क्षेपणास्त्र काढलं. पल्ला जेमतेम ६० किलोमीटर. रोख उघड होता, आत शिरलेल्या रणगाड्यांवर. आता स्वतःच्याच जमिनीवर त्यांनी असा छोटा बॉम्ब टाकला, तर भारत त्यांची शहरं बेचिराख करणार का? २००३च्या धोरणाची दुखरी जागा ही. २०१६ साली संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी, वैयक्तिक मत म्हणून, ‘आधी वापरणार नाही’ म्हणत स्वतःला बांधून का घ्यावं असं विचारलं. २०१९ साली राजनाथ सिंह खुद्द पोखरणला म्हणाले की पुढचं परिस्थितीवर अवलंबून. कागदावरचं धोरण मात्र तेच आहे.

दरम्यान रणगाडे मागे पडले आणि लांबून अचूक मारा करणारी हत्यारं पुढे आली. बालाकोटचा हवाई हल्ला २०१९ साली झाला. मे २०२५च्या ‘ऑपरेशन सिंदूर’मध्ये तर ड्रोन आणि क्षेपणास्त्रांचा मारा थेट रावळपिंडीच्या नूर खान हवाई तळापर्यंत गेला. त्याच ऑगस्टमध्ये पाकिस्तानने बिगरआण्विक क्षेपणास्त्रांसाठी वेगळं रॉकेट दल उभारण्याची घोषणा केली.

या वाटेवर धोका कुठे आहे, ते ९ मार्च २०२२च्या संध्याकाळी दिसलं होतं. भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानी पंजाबात, मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. त्यात स्फोटकं नव्हती. पण येणाऱ्या ठिपक्याच्या टोकाला साधी स्फोटकं बसवली आहेत की अणुबॉम्ब, हे रडारवर दिसत नाही. भारताने चूक कबूल केली ती ११ मार्चला. ऑगस्टमध्ये हवाई दलाचे तीन अधिकारी बडतर्फ झाले.