सेंद्रिय गटात नाव घालायचंय? आधी शेजारी बघा, मग कागद

एप्रिल-मेमध्ये ग्रामपंचायतीपुढे मांडव पडतो, फ्लेक्स लागतो: 'सेंद्रिय शेती व जलसंधारण प्रशिक्षण'. दोन तास भाषणं, चहा-पोहे, हजेरीच्या कागदावर सह्या, शेवटी फोटो. मंडळी उठायला लागली की एखादे आजोबा विचारतात, "पण साहेब, आता पुढं करायचं काय?" तोवर साहेबांची गाडी सुरू झालेली असते. ही माहिती त्या आजोबांसाठी आहे, आणि त्यांचा अर्ज मोबाइलवरून भरणाऱ्या नातवासाठीही.

नुसतं शिकायचं असेल तर काम सोपं आहे. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन नाव नोंदवा. गांडूळखत, जीवामृत, निंबोळी अर्क, ठिबकची देखभाल अशा विषयांवर एक ते काही दिवसांचे वर्ग तिथे होत असतात. पण शिक्षणाबरोबर प्रमाणपत्र आणि थोडं अर्थसाहाय्यही हवं असेल, तर वाट गटातून जाते. एकट्याने अर्ज करून चालत नाही.

गट म्हणजे काय

केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना २०१५-१६ पासून चालू आहे. महाराष्ट्रात ती 'आत्मा'मार्फत, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेमार्फत राबवतात. एकेक गट साधारण २० हेक्टरचा, म्हणजे ५० एकरांच्या आसपास. त्यात एका शेतकऱ्याला जास्तीत जास्त २ हेक्टरपर्यंत लाभ मिळतो. जमीन शक्यतो एका शिवारात, लागून असावी. एक सदस्य वरच्या वाडीत, दुसरा ओढ्यापलीकडे, असा विखुरलेला गट कागदावर बसतो, पण पुढे तपासणीला जीव काढतो.

पैशाचं आधीच स्पष्ट करून टाकतो, कारण गावात भलतेच आकडे फिरत असतात. सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार तीन वर्षांसाठी हेक्टरी ३१,५०० रुपये धरलेले आहेत. त्यातले शेतकऱ्याच्या खात्यावर थेट येणारे १५,००० रुपये, तेही सेंद्रिय निविष्ठांसाठी, म्हणजे खत-बियाणं-अर्क अशा सामानासाठी. ९,००० रुपये प्रशिक्षण आणि क्षमताबांधणीचे, ४,५०० रुपये पॅकिंग-ब्रँडिंग-विक्रीचे, ३,००० रुपये प्रमाणीकरण आणि रासायनिक अंश तपासणीचे. १५,००० ला तीन वर्षांनी भागा, मग हेक्टराचे एकर करा. एकरी वर्षाला दोन हजार रुपये पडतात. एवढ्यासाठी कुणी युरिया सोडणार नाही, आणि सोडूही नये. माझ्या मते या योजनेतली मोलाची रक्कम ती प्रशिक्षणाची ९,००० ची आहे आणि गट नेमकी तीच मागायला विसरतात. पहिल्याच बैठकीत विचारा: वर्ग किती, कुठल्या विषयांचे, सहल कुठे. खरिपाचे वर्ग पेरणीआधी हवेत. सोयाबीन फुलोऱ्यात असताना बीजप्रक्रिया शिकून काय करणार?

प्रमाणपत्र कोण देतं

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. या गटांना जे प्रमाणपत्र मिळतं ते पीजीएस-इंडिया पद्धतीचं, सहभाग हमी पद्धतीचं. गाझियाबादच्या राष्ट्रीय सेंद्रिय व नैसर्गिक शेती केंद्राच्या देखरेखीखाली ती चालते. तिच्यात बाहेरचा इन्स्पेक्टर येऊन शेरा मारत नाही. गटातले शेतकरीच एकमेकांच्या शेतात जाऊन बघतात, फॉर्म भरतात, आणि 'याचं शेत नियमात आहे' असं सामूहिक सहीनिशी सांगतात. मग प्रादेशिक परिषद पोर्टलवर मान्यता देते. म्हणून शीर्षकात म्हटलं, आधी शेजारी बघा. एकाने रात्री गुपचूप तणनाशक मारलं तर संशय साऱ्या गटावर येतो.

योजनेचा गट ५० एकरांवर मोजतात, पण पीजीएसच्या नियमात स्थानिक गट किमान पाच शेतकऱ्यांचा, एकाच किंवा लगतच्या गावांतला. तपासणी करणाऱ्या टोळीत तिघे तरी असावेत आणि त्यात फॉर्म नीट वाचून भरणारा एक जण हवाच. तू माझं शेत पास कर, मी तुझं करतो, असं साटंलोटं ठेवू नका. पहिल्यापासून फिरती पाळी लावा. गटप्रमुख निवडताना मोठ्या आवाजाचा माणूस नको. वही नीट ठेवणारा हवा.

सदस्य झालात की दोन कागद लगेच भरावे लागतात. एक शपथपत्र: रासायनिक खत, कीडनाशक, तणनाशक आणि जनुकीय बदल केलेलं बियाणं वापरणार नाही. दुसरा शेताचा इतिहास: मागच्या हंगामांत कुठलं पीक, कुठलं खत, शेवटची फवारणी कधी. इथे लोक लाजेने खोटं लिहितात. लिहू नका. रूपांतरणाचा, म्हणजे रासायनिक सोडून पूर्ण सेंद्रिय ठरेपर्यंतचा काळ यावरूनच मोजतात: हंगामी पिकांना साधारण दोन वर्षं, आंबा-संत्र्यासारख्या फळबागेला तीन. तोवर 'पीजीएस-ग्रीन' आणि मग 'पीजीएस-ऑरगॅनिक' हा शिक्का.

कापूसवाल्यांनी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. बीटी, म्हणजे जनुकीय बदल केलेला कापूस सेंद्रिय ठरत नाही, शेणखत कितीही टाकलं तरी. विदर्भ-मराठवाड्यात बिगर-बीटी सरकी शोधणं हेच मोठं काम असतं, म्हणून ते मार्चमध्येच सुरू करा. दुकानातलं लाल-निळं, रसायन चोळलेलं बियाणंही चालत नाही.

हे प्रमाणपत्र देशातल्या बाजारासाठी आहे. माल परदेशी पाठवायचा असेल तर अपेडाच्या (केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या) कक्षेतलं, त्रयस्थ संस्थेकडून होणारं एनपीओपी, म्हणजे राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचं प्रमाणीकरण लागतं. तो खर्च आणि तो व्याप वेगळा.

बांध दोन कामं करतो

प्रशिक्षणात सेंद्रिय शेती सकाळी आणि जलसंधारण जेवणानंतर असे दोन वेगळे तास ठेवतात. दुपारच्या तासाला निम्मे लोक डुलक्या काढतात. खरं तर हे दोन विषय बांधावर एकत्र येतात. वरच्या शेतातून पावसाचं पाणी तुमच्या वावरात शिरतं तेव्हा शेजाऱ्याने टाकलेलं खत आणि औषधही घेऊन येतं. तपासणीत त्याबद्दल विचारतात. त्या कडेला बांध चांगला घातला, त्यावर शेवरी-गिरीपुष्प लावलं, आत एखादी चारी काढली, की वरचं रसायन बाहेर आणि आपली माती आत राहते. गिरीपुष्पाचा पाला खताला होतो, तो वेगळाच फायदा.

उताराला आडवी पेरणी, दर काही ओळींनंतर पाणी मुरायला रिकामी सोडलेली मृत सरी, सोयाबीनला रुंद वरंबा-सरी यांना अर्ज लागत नाही, अनुदानाची वाट बघावी लागत नाही. प्रशिक्षणात हे फळ्यावर दाखवतात. गटाने आग्रह धरावा की एका सदस्याच्या शेतात ए-फ्रेम (इंग्रजी 'ए'च्या आकाराची लाकडी चौकट) किंवा पाणनळी घेऊन समतल रेषा प्रत्यक्ष आखून दाखवा.

हिशेबही तिथेच मांडून घ्या. एका हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. गावात किती पडला, किती अडला, त्यावर कुठलं पीक झेपेल, हा पाण्याचा ताळेबंद हिवरे बाजारने वर्षानुवर्षं ग्रामसभेत मांडला. सहलीला तिथे गेलात तर कमानीपुढे फोटो काढा, पण तो ताळेबंदही बघून या.

शेततळ्याचा अर्ज

शेततळं मात्र गटातून मिळत नाही, ते वैयक्तिक आहे. २०१६ च्या 'मागेल त्याला शेततळे' योजनेत कमाल ५०,००० रुपये मिळत. आता मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेखाली वैयक्तिक शेततळ्याला आकारमानानुसार कमाल ७५,००० रुपये अनुदान आहे. पात्रता अशी: नावावर किमान ०.४० हेक्टर जमीन, कोकणात ०.२० हेक्टर, जागा तांत्रिकदृष्ट्या योग्य, आणि याआधी वैयक्तिक किंवा सामूहिक शेततळ्याचा अथवा बोडीचा (भातपट्ट्यातल्या लहान तळ्याचा) शासकीय लाभ घेतलेला नसावा.

अर्ज महाडीबीटीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या अनुदान संकेतस्थळाच्या, शेतकरी पोर्टलवर, शुल्क २३ रुपये ६० पैसे. पूर्वी लॉटरी निघायची. २०२५ पासून 'प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य' आहे, म्हणून विचार करत बसाल तितके मागे जाल. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांना ॲग्रिस्टॅक या सरकारी डिजिटल नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक, म्हणजे फार्मर आयडी, सक्तीचा झालाय. तो नसेल तर आधी सेवा केंद्रात जाऊन काढा.

निवड झाल्याचा मेसेज आला म्हणून लगेच जेसीबी बोलावू नका. आधी कागद अपलोड होतात, मग जागेची पाहणी, मग पूर्वसंमती. पूर्वसंमतीआधी खोदलेल्या खड्ड्याला अनुदान मिळवताना नाकी नऊ येतात. काम झाल्यावर पुन्हा मोजणी, फोटो, आणि मग पैसे खात्यावर. ठिबकचंही हेच: पूर्वसंमती, मग खरेदी, मग बिल. त्याला अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान आहे, राज्याचा पूरक हिस्सा धरून.

तळं किती मोठं घ्यावं? ३० × ३० × ३ मीटरच्या तळ्यात, एकास एक उतार धरला तर, सुमारे २,१९६ घनमीटर म्हणजे जवळजवळ २२ लाख लिटर पाणी मावतं. एकराला ५० मिलिमीटरचं एक पाणी द्यायला दोन लाख लिटर लागतात. मुरवण आणि बाष्पीभवन वजा जाता चार-पाच एकर खरीप पावसाच्या एका खंडातून निभावतो. बदल्यात भरावासकट दहा-बारा गुंठे जमीन जाते. दोन एकरवाल्याने हा सौदा घरात बसून नीट करावा. नाल्याच्या किंवा ओहोळाच्या धारेत तळं खोदायचं नाही, आणि कुंपण अनुदानात बसो न बसो, घालायचंच. पोरं आणि जनावरं दोन्ही जातात त्यात.

कागद

गटासाठी आणि तळ्यासाठी कागद थोड्याफार फरकाने तेच: सातबारा, ८-अ (खात्यावरच्या सगळ्या जमिनीचा उतारा), आधार, आधार जोडलेल्या खात्याचं पासबुक, फार्मर आयडी, अनुसूचित जाती-जमातीतून अर्ज असेल तर जातीचा दाखला, सामाईक खातं असेल तर इतर खातेदारांचं संमतिपत्र. गटाला वरून शपथपत्र, शेताचा इतिहास, बैठकीचा ठराव आणि गट नंबरसकट शेताचा कच्चा नकाशा. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीवर १५ रुपयांत निघतो, त्यासाठी तलाठ्याच्या दारात बसायचे दिवस गेले.

अडतं ते नावावर. आमच्या गटात एकाचं सातबाऱ्यावर 'बाळू', आधारवर 'बाळासाहेब' आणि पासबुकात 'बाळकृष्ण'. तिन्ही तोच माणूस, चहा पाजायला एकच, पण पोर्टलला तिघे दिसले. दोन महिने गेले. वारसनोंद राहिलेली, वडिलांचं नाव अजून उताऱ्यावर, ही दुसरी नेहमीची अडचण. गट करायचं ठरलं त्या दिवशीच प्रत्येकाचे तीन कागद शेजारी ठेवून नावाचं स्पेलिंगसुद्धा जुळवून घ्या.

प्रशिक्षणाची हजेरीवही गटाने स्वतःचीही ठेवावी. वर्गाला आणि शिवारफेरीला येणं हा पीजीएसमध्ये सदस्याच्या बाजूचा पुरावा धरतात. उतारा घरधन्याच्या नावावर असला तरी वर्गाला घरातल्या बाईला पाठवा, कारण दशपर्णी अर्क ढवळणारी आणि खुरपणीत पहिली अळी बघणारी बहुधा तीच असते. राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियानाने, ज्याला २५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता मिळाली, गावपातळीवरचं शिकवण्याचं काम 'कृषी सखी'वर, म्हणजे गावातल्याच प्रशिक्षित बायांवर, सोपवलंय. त्या अभियानात एक एकरापर्यंत, दोन वर्षं, वर्षाला एकरी ४,००० रुपये प्रोत्साहन आहे. ज्यांना एकदम जास्त जमिनीत बदल करायची हिंमत होत नाही, त्यांनी त्याची चौकशी करावी.

कुणाकडे जायचं

पहिला माणूस गावचा कृषी सहायक. २०२५ पासून त्या पदाचं नाव सहायक कृषी अधिकारी झालंय, गावात मात्र कृषी सहायकच म्हणतात. गटाच्या कामाला तालुक्यात आत्माचा तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापक, वर जिल्ह्याला प्रकल्प संचालक. तोंडी बोलून या, पण गटाच्या लेटरहेडवर अर्ज देऊन पोचही घ्या. नवीन गट निवडायचे की नाही हे त्या वर्षीच्या लक्ष्यांकावर, म्हणजे वरून ठरवून आलेल्या आकड्यावर ठरतं, म्हणून उन्हाळ्यात दिलेला अर्ज दिवाळीत दिलेल्यापेक्षा कामाचा.

प्रमाणपत्र १२ महिन्यांचं असतं. दर हंगामाची तपासणी आणि वही वेळेत पोर्टलवर चढवली नाही तर ते आपोआप पुढे सरकत नाही. आणि सगळं होऊनही पैसे आले नाहीत तर तालुक्याला भांडायला जाण्याआधी बँकेत विचारा की आधार कुठल्या खात्याला जोडलंय. अर्जात जिल्हा बँकेचं पासबुक दिलेलं असतं आणि रक्कम मात्र, पोराने गॅस सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या, कुणाच्या लक्षातही नसलेल्या खात्यात जाऊन पडलेली असते.