लाखोळीवरची बंदी: रीव्याचा आजार, झाडीपट्टीचं पीक

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि त्यांना लागून असलेल्या चंद्रपूर-नागपूरच्या पट्ट्यात, म्हणजे झाडीपट्टीत, धान कापणीला यायच्या दहा-पंधरा दिवस आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळीचं बी फेकतात. नांगर नाही, वखर नाही, खत नाही. धान निघालं की धसकटांमधून हिरवी रोपं वर येतात आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर, थंडीतल्या दवावर पुढचे तीन-चार महिने निघून जातात. ही उतेऱ्याची शेती. कोवळे शेंडे भाजीला, डाळ वरणाला आणि वड्यांना, कुटार बैलांना. ज्याच्याकडे विहीर नाही, मोटरपंप नाही, त्याला दुसरं पीक म्हणून एवढंच मिळतं.

याच डाळीच्या विक्रीवर महाराष्ट्रात १९६१ पासून २००८ पर्यंत बंदी होती. ही डाळ फार खाल्ली तर पाय ताठून माणूस पांगळा होतो, या ज्या वैद्यकीय संशोधनावर ती उभी होती ते खोटं नव्हतं. पण ते ज्या माणसांवर झालं त्यांच्या ताटात काय होतं आणि पूर्व विदर्भातल्या माणसाच्या ताटात काय होतं, याची तुलना कायदा करताना कुणी केलेली दिसत नाही. या सगळ्या प्रकरणाचं मूळ मला तिथे दिसतं.

आजार जुना आहे. सागर भागात १८२९ पासून गव्हाची पिकं ओळीने बुडाली. शेतात तग धरला तो फक्त लाखेने, म्हणजे याच लाखोळीने, हिंदी मुलखातल्या खेसारीने. लोक तीच खात राहिले आणि काही वर्षांतच धडधाकट तरुणांचे पाय कमरेपासून गेले. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा स्लीमन हा इंग्रज अधिकारी तेव्हा त्याच मुलखात होता, त्याने हे लिहून ठेवलं. १८७३ मध्ये नेपल्सच्या कान्तानी या डॉक्टरने आजाराला 'लॅथिरिझम' हे नाव दिलं. आपल्याकडे त्याची मोठी सरकारी नोंद झाली ती नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पाठोपाठ पडले आणि प्रांतात लंगडणाऱ्यांची संख्या इतकी वाढली, की मेजर ब्युकॅनन यांना १८९६ ते १९०२ या काळावर वेगळा अहवाल लिहावा लागला.

आजाराचं रूप एकदा पाहिलेला डॉक्टर विसरत नाही. दुखत नाही, ताप नाही, बुद्धीला काही होत नाही. सकाळी उठताना पोटऱ्या आखडतात, गुडघे वाकलेले राहतात, टाचा जमिनीला टेकत नाहीत. चालताना एक पाय दुसऱ्याला आडवा जातो, कात्रीसारखा. मज्जारज्जूतून पायांना हुकूम पोचवणारे तंतू निकामी होतात, त्यामुळे स्नायू लुळे न पडता उलट ताठतात. डॉक्टरांनी त्याच्या पायऱ्याही काठीवरूनच ठरवल्या: बिनकाठीचा, एका काठीचा, दोन काठ्यांचा, आणि शेवटी बसून हातांच्या आधाराने सरकणारा. लाख खाणं थांबवलं तर आजार सहसा तिथेच थांबतो. मागे मात्र फिरत नाही. बायकांपेक्षा पुरुषांत, त्यातही कष्ट करणाऱ्या तरुणांत तो जास्त दिसतो.

एवढं स्पष्ट चित्र असूनही कारण सापडायला विसावं शतक निम्मं सरलं. त्यात शास्त्रज्ञांची चांगलीच दिशाभूल झाली. १९२५ मध्ये अँडरसन, हॉवर्ड आणि सायमनसन यांनी निष्कर्ष काढला, की दोष लाखेचा नाही, तिच्यात मिसळणाऱ्या अकटा नावाच्या तणाच्या दाण्यांचा आहे. पुढे तणाचा माग काढण्यात बराच काळ गेला. दुसरी अडचण उंदरांची. लाखेच्या नात्यातल्या बागेतल्या गोड वाटाण्याचं बी उंदरांना खाऊ घातलं तर त्यांची हाडं वाकडी होत. त्यालाही लॅथिरिझमच म्हटलं गेलं आणि १९५४ मध्ये त्यातलं द्रव्यही वेगळं काढलं गेलं. पण ते द्रव्य लाखेत नव्हतंच, आणि हाडांच्या त्या रोगाचा माणसाच्या पायांशी काही संबंध नव्हता. नावाच्या सारखेपणामुळे दोन वेगळे आजार एकाच पोत्यात बांधले गेले होते.

सुटका झाली ती कोंबडीच्या पिलांमुळे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अदिगा आणि सर्मा यांनी लाखेच्या दाण्यातला अर्क काही दिवसांच्या पिलांना टोचला, तर त्यांच्या माना मागे ओढल्या जाऊन आचके येऊ लागले. मोठ्या प्राण्यांवर तोच प्रयोग सहज जमत नव्हता. मग पिलांवरच्या परिणामाच्या आधाराने अर्काचे भाग पाडत पाडत १९६४ मध्ये त्यांनी नेमकं द्रव्य गाठलं. त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रमणियन यांनीही स्वतंत्रपणे तेच काढलं. हे एक अमिनो आम्ल आहे, पण प्रथिनात न बसणारं. त्याचं नाव संक्षेपात ओडॅप. मेंदू आणि मज्जारज्जूत संदेश नेणाऱ्या ग्लुटामेटची ते नक्कल करतं आणि चेतापेशींना दमेपर्यंत चेतवत राहतं. तारखा लक्षात घ्या. बंदी आली १९६१ मध्ये आणि विष सापडलं १९६४ मध्ये. बंदीच्या वेळी हातात होती ती फक्त आजारी माणसांची गणती.

ही गणती मुख्यतः मध्य प्रदेशातल्या रीवा-सतनाची. तिथल्या मजुराला मालकाकडून रोजी मिळे ती धान्यात, आणि धान्य बहुतेक वेळा लाखेचं किंवा लाख मिसळलेलं असे. भाकरीही त्याच पिठाची. पुढे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी आणि इतरांनी जे मांडलं त्याचा सार असा: रोजच्या जेवणातला तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त लाखेचा असेल आणि तसं दोन-तीन महिने किंवा अधिक काळ चाललं, तर धोका उभा राहतो. एखाद्या वरणाच्या वाटीने काही होत नाही.

याचा निर्विवाद पुरावा विदर्भापासून फार दूर मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या हिवाळ्यात, आज युक्रेनमध्ये असलेल्या वाप्नियार्का इथल्या छळछावणीत ज्यू कैद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम लाखेचे दाणे दिले जात. काही महिन्यांतच कैद्यांचे पाय आखडू लागले. कैद्यांमध्येच डॉक्टर असलेल्या आर्थर केसलर यांनी आजार ओळखला आणि ते दाणे खाऊ नका म्हणून सांगितलं. इथे दुष्काळ नव्हता, तण नव्हतं. मोजून दिलेलं अन्न होतं आणि त्याचा परिणाम होता. मला वाटतं, आहाराबद्दलच्या संशोधनात इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो मिळण्याची किंमत किती भयंकर असते हेही त्याबरोबर कळतं.

आता कायदा. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याच्या नियमात ४४-अ हे कलम आलं: खेसारी, तिची डाळ, तिचं पीठ, आणि हरभऱ्यात किंवा इतर डाळीत तिची सरमिसळ विकण्यास, विकण्यासाठी बाळगण्यास मनाई. मात्र ही मनाई ज्या दिवशी राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढेल त्या दिवसापासून. म्हणजे केंद्राने दार अर्धवट उघडं ठेवलं आणि कडी राज्यांच्या हाती दिली. काही राज्यांनी ती लावलीच नाही, महाराष्ट्राने लावली. पेरायला कुठेच मनाई नव्हती, खायलाही नव्हती.

गावात याचा अर्थ असा झाला, की शेतात पिकतंय, घरात शिजतंय आणि बाजारात मात्र गुन्हा. ज्या मालाला उघड बाजार नाही त्याला भाव कोण देणार? व्यापारी पडत्या दराने घेत आणि तोच माल हरभऱ्याच्या बेसनात किंवा तुरीच्या डाळीत मिसळून चढ्या दराने निघे. लाखोळीची डाळ नीट पाहिली तर ओळखू येते: तुरीची डाळ गोलसर, ही कोपरे असलेली, एका बाजूने पाचर मारल्यासारखी उतरती. पण पिठात काय ओळखणार? भेसळ रोखायच्या कायद्याने भेसळीसाठी स्वस्त मालाची सोय करून दिली, असा हा प्रकार. त्यात रीव्यासारख्या परिस्थितीतला मजूर मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला, कारण तो लाख विकत घेत नव्हता, त्याला ती मजुरीत मिळत होती.

नागपूरचे डॉ. शांतिलाल कोठारी आणि त्यांची 'अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंट' यांनी ही विसंगती वर्षानुवर्षे लावून धरली. त्यांचं म्हणणं साधं होतं: झाडीपट्टीत पिढ्यानपिढ्या भाताबरोबर हे वरण खाल्लं जातं, तिथे पांगळ्यांची गावं दाखवा. (हीच संस्था आयोडिनयुक्त मिठाच्या सक्तीविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात गेली होती आणि २०११ मध्ये न्यायालयाने सक्तीचा तो नियम अधिकारकक्षेबाहेरचा ठरवला. त्या बाबतीत सगळे पोषणतज्ज्ञ त्यांच्या बाजूचे नव्हते, हेही सांगायला हवं.) लाखोळीपुरतं बोलायचं तर त्यांनी विचारलेला प्रश्न योग्य होता, कारण तो प्रमाणाचा आणि सोबतीच्या अन्नाचा होता. इथिओपियातही पुढे त्याच वाटेने शोध झाले: लाखेबरोबर इतर धान्य खाणाऱ्यांना धोका कमी दिसला. गंधकयुक्त अमिनो आम्लं लाखेत कमी असतात आणि तृणधान्यात त्या मानाने जास्त, त्यामुळे भात-वरण ही जोडी इथे नुसती सवय उरत नाही.

राज्याने बंदी २००८ मध्ये उठवली. त्यानंतर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी गोंदिया जिल्ह्यातल्या गावांत घरोघरी आहाराची पाहणी केली. ती २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्चमध्ये छापून आली. लोक लाखोळी खातात, पण डाळ म्हणून आणि माफक, आणि तेवढ्याने लॅथिरिझम झालेला दिसला नाही, असा तिचा निष्कर्ष. बंदीच्या आधी व्हायला हवी होती ती पाहणी बंदी उठल्यावर छापली गेली.

२०१५ च्या अखेरीस तूर डाळ किलोला २०० रुपयांवर गेली आणि दिल्लीला लाखोळीची आठवण झाली. जानेवारी २०१६ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या गटाने रतन, प्रतीक आणि महातिवडा या कमी ओडॅपच्या तीन वाणांना अनुकूलता दाखवल्याच्या बातम्या आल्या. रतन दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा, बाकी दोन रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाचे. तिघांतही ओडॅप ०.१ टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली. टीकाही झाली, ती अशी, की विष कमी असणं आणि विष नसणं यात फरक आहे.

टीका रास्त आहे, तिला आणखी एक पुस्तीही जोडावी लागेल. ओडॅपचं प्रमाण केवळ वाणावर ठरत नाही. पाण्याचा ताण पडला, जमिनीत जस्त कमी असलं आणि लोह जास्त असलं, तर तेच वाण जास्त विष साठवतं. म्हणजे ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी दाण्यात विष वाढतं आणि त्याच वर्षी ताटात लाखोळीचा हिस्साही वाढण्याची शक्यता असते. शिवाय उतेऱ्याचं बी बहुतेक घरचंच, एकदा आणलेलं सुधारित वाण पुढच्या हंगामात गावठी दाण्यात मिसळून जातं. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकून दिलं तर ओडॅपचा मोठा भाग निघून जातो, हे पोषण संस्थेने पूर्वीच सांगितलं होतं. त्यात काही जीवनसत्त्वंही जातात, पण टंचाईच्या वर्षी हा सौदा परवडण्यासारखा आहे.

गेल्या काही दशकांत आजार मागे पडला तो बंदीमुळे की दुसऱ्या कशाने, यावर माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. १९७२ च्या दुष्काळानंतरची रोजगार हमी, रोख मजुरी आणि रेशनचा तांदूळ-गहू यांनी लाखोळीला मुख्य अन्नाच्या जागेवरून पुन्हा वरणाच्या वाटीत आणून बसवलं. ती तिथे राहील की नाही, हे पुढच्या दुष्काळात रेशनच्या दुकानात धान्य वेळेवर येतं की नाही, यावर जास्त अवलंबून आहे.